तरुणांचा पक्षाघात आणि रक्ताची साक्ष



धडधाकट माणसाचा एका बाजूचा हातपाय एकाएकी लुळा पडला, म्हणजे 'त्याच्या अंगावरून वारे गेले' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ग्रंथांतील मराठी या रोगाला अर्धांगवायू म्हणते आणि आपले कानडी शेजारी पार्श्ववायु म्हणतात. सीमेच्या प्रश्नावर या दोन भाषांचे लोक कितीही भांडोत, हा सारा खेळ वाऱ्याचा आहे याविषयी मात्र दोघांचे एकमत दिसते! इंग्रजी शब्दही याहून फारसा शहाणा नाही. 'स्ट्रोक' म्हणजे तडाखा. आणि तो देवाच्या हातून बसतो अशी युरोपातही पूर्वी समजूत होती. स्वित्झर्लंडमधील योहान वेप्फर या वैद्याने अशा रोगाने मेलेल्यांचे मेंदू उघडून पाहिले आणि मेंदूत झालेला रक्तस्राव १६५८ साली आपल्या ग्रंथात जगापुढे मांडला. मेंदूला रक्त नेणारी रोहिणी कधी फुटते, तर कधी गुठळीने तुंबते. आणि तुंबण्याचाच प्रकार अधिक आढळतो, हे आता सर्वमान्य आहे.

मी वैद्य नव्हे, शाळेत शिकवणारा मनुष्य आहे, म्हणून शब्दांपासून आरंभ केला. पण हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. शब्द माणसाला वाट दाखवतात आणि चुकीची वाटही दाखवतात. हातावरून वारे गेले असे एकदा मनात ठसले की घरची माणसे हाताला तेल चोळतात, पायाला शेक देतात, आणि लकव्यावर हमखास औषध देणारा कोणी अमुक गावी आहे असे ऐकले की गाडी तिकडे वळवतात. बिघाड हातात नसतोच; तो मेंदूत असतो, आणि त्याची तयारी बहुधा वर्षानुवर्षे रक्तात आणि रक्तवाहिन्यांत चाललेली असते.

या रोगाचे नाव काढले की ओसरीवर काठी टेकून बसलेले आजोबा डोळ्यांपुढे येतात. परंतु पक्षाघाताच्या दर शंभर रोग्यांत दहा ते पंधरा रोगी पन्नाशीच्या आतले असतात, असा जगभरचा अनुभव आहे. आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्या देशात तो अधिक लवकर गाठतो. हा शहरी सुखवस्तू लोकांचा रोग, असेही कोणी समजू नये. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे घरोघर जाऊन शोधली, तेव्हा सर्वांत पुढे पक्षाघात निघाला. शंभर मृत्यूंपैकी सुमारे चौदा त्याचे होते. जेथे हिवताप आणि अतिसार यांचीच नावे ऐकू यावीत अशी आपली कल्पना, तेथे ही स्थिती.

शिक्षकाला हा रोग वेगळ्याच वाटेने भेटतो. वर्षाच्या मध्यावर एखादा मुलगा शाळेत येईनासा होतो. चौकशी केली तर कळते की बाप चाळिशीच्या आत अंथरुणाला खिळला आणि पोरगा गॅरेजात कामाला लागला. हजेरीपटातून त्याचे नाव जाते. कारणाच्या रकान्यात 'गैरहजर' एवढेच लिहिले जाते. म्हाताऱ्याच्या पक्षाघाताने घर दुःखी होते, तरुणाच्या पक्षाघाताने घर मोडते. म्हणूनच 'एवढ्या तरण्याताठ्या माणसाला हे झालेच कसे?' हा प्रश्न केवळ सुस्काऱ्यावर सोडून देण्याजोगा नाही. त्याचे उत्तर पुष्कळदा सापडते, आणि त्यातले बरेचसे वेळेपूर्वी सापडू शकते.

येथे दोन गोष्टींतील भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करून त्यांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचा उपक्रम सुरू झाला. कोणाला पुढे हृदयविकार होतो, कोणाला पक्षाघात होतो, आणि त्यांच्यात आधीपासून काय वेगळे होते, हे त्यातून पाहावयाचे होते. १९६१ साली त्या अभ्यासकांनी 'धोक्याचे घटक' हा शब्दप्रयोग रूढ केला. ज्याच्यामुळे रोगाचा संभव वाढतो तो धोक्याचा घटक. तो दूर केला तर संभव कमी होतो. रक्तात सापडणारी खूण हे याहून निराळे प्रकरण आहे. छपरावर धूर दिसला म्हणजे खाली आग आहे असे आपण अनुमान करतो, पण धूर हाताने वारून आग विझत नाही. रक्तातील काही द्रव्ये प्रत्यक्ष आग आहेत, काही नुसता धूर आहेत, आणि काहींविषयी विद्वानांत आजही वाद आहे. चिठ्ठीवर छापून आलेल्या आकड्यांपैकी कोणता कशात मोडतो, हे न कळल्याने माणसे एकतर उगाच घाबरतात, नाहीतर उगाच निश्चिंत होतात.

सर्वांत मोठा घटक तर रक्ताच्या तपासणीत दिसतच नाही. तो म्हणजे रक्तदाब. बत्तीस देशांतील पक्षाघाताच्या रोग्यांचा एक विस्तृत अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दहा सुधारता येण्याजोग्या घटकांच्या पदरी दहापैकी नऊ पक्षाघात घालता येतात, आणि त्या दहांत पहिला मान रक्तदाबाचा, असे त्यात दिसून आले. आता तिशीतल्या कोणत्याही तरुणाला विचारून पाहा की, बाबा रे, तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात भरतीसाठी उभा राहिला असेल तर तेव्हा. एरवी कधीच नाही. दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात. वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या वर वारंवार येत असेल, तर वय पंचवीस असले तरी तो रोगच आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून दाब नाही, या समजुतीने जितकी घरे बुडविली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बुडविली असतील.

दुसरा घटक तंबाखू. आणि येथे निपाणीच्या श्रोत्यांपुढे जपून बोलले पाहिजे. त्या भागाने विडीच्या तंबाखूवर पिढ्यानुपिढ्या संसार केले आहेत. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवून धरला, आणि एप्रिल महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेथल्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी आपल्या मजुरीसाठी आणि मानासाठी जो झगडा केला, त्यावर १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा बोलपट निघाला. हा इतिहास मी हलका लेखीत नाही. ज्या पानावर दुसऱ्याची चूल पेटते त्याला विष म्हणणे सोपे असते. म्हणणाऱ्याच्या शेतात बहुधा ऊस असतो. परंतु पिकवणाऱ्याचे दैन्य निराळे आणि ओढणाऱ्याचे रक्त निराळे. रक्ताला भावाचे गणित कळत नाही.

धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तात शिरतो व प्राणवायूची जागा अडवतो. रक्तातील बिंबिका, म्हणजे जखम झाली असता एकमेकींना चिकटून रक्त थांबवणारे सूक्ष्म कण, जखम नसतानाच चिकटू लागतात. फायब्रिनोजेन नावाचे एक प्रथिन आहे. ज्या धाग्यांची गुठळी विणली जाते त्या धाग्यांचा तो कच्चा माल होय. धूम्रपान करणाराच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले आढळते आणि सवय सुटल्यावर उतरते. अमेरिकेत बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या पुरुषांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला दहाच्या आत सिगारेटी ओढणारांनाही न ओढणारांपेक्षा पक्षाघाताचा संभव सुमारे दीडपट आढळला, आणि दिवसाला दोन पाकिटे संपवणारांना पाचपटीहून अधिक. 'मी फार ओढत नाही' असे सांगणाराने यातला पहिला आकडा ध्यानात ठेवावा, आणि सोडू पाहणाराने दुसराही ठेवावा. कारण ज्या अर्थी जितके अधिक तितका धोका अधिक, त्या अर्थी जितके कमी तितका तो कमीच.

आपल्याकडे प्रश्न धुरापाशीच संपत नाही. पहाटे उठून दातांना मिश्री लावणाऱ्या आयाबहिणी स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजीत नाहीत. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली बंदी घातली. तेव्हापासून टपरीवर सुगंधी मसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या मिळतात व गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करते. कायद्याचे समाधान होते. निर्धूर तंबाखूचा आणि पक्षाघाताने येणाऱ्या मृत्यूचा संबंध अनेक पाहण्यांत दिसून आला आहे, म्हणून 'धूर नाही तर धोका नाही' असे समजण्यात अर्थ नाही.

साखर आणि चरबी यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो, म्हणून मी थोडक्यात सांगतो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही. तीत साडेसहा किंवा अधिक आकडा आला तर मधुमेह मानतात. रक्तातील मेदांपैकी एलडीएल नावाचे वाईट कोलेस्टेरॉल हे नुसता धूर नसून प्रत्यक्ष आग आहे, कारण ते उतरवले की रोगही उतरतो. त्याच्याच कुळातील लायपोप्रोटीन-ए हे द्रव्य नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधून काढले. ते बव्हंशी आईबापांकडूनच येते व आयुष्यभर फारसे बदलत नाही. ज्यांच्या घरात वडील, चुलते वा मामा पन्नाशीच्या आत हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने गेले, त्यांनी ते जन्मात एकदा तपासून घ्यावे. वडिलोपार्जित जमिनीचा उतारा आपण दरवर्षी काढतो; हा उतारा एकदाच काढावयाचा आहे.

आता ज्या द्रव्याविषयी मला आज विशेष बोलावयाचे आहे त्याकडे वळतो. त्याचे नाव होमोसिस्टीन. अन्नातील प्रथिने पचत असता ते शरीरातच तयार होते; आणि बी-बारा जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल यांच्या साह्याने शरीर त्याचे रूपांतर करून टाकते. ही दोन्ही साहित्ये अपुरी पडली की होमोसिस्टीन रक्तात साठत जाते. १९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये काही मंदबुद्धी मुलांच्या मूत्रात हे द्रव्य विपुल सापडले. या जन्मजात रोगात कोवळ्या वयातच रक्ताच्या गुठळ्या होतात. १९६९ साली बोस्टनमधील किल्मर मॅक्कली या शास्त्रज्ञाने अशा मुलांच्या रोहिण्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या म्हाताऱ्या माणसाच्या रोहिण्यांप्रमाणे जाड झालेल्या दिसल्या. जन्मजात रोग नसलेल्या माणसांतही हे द्रव्य थोडे वाढल्याने रोहिण्यांची हानी होत असेल काय, असा प्रश्न त्याने विचारला. कोलेस्टेरॉलच्या राज्यात त्या प्रश्नाकडे कित्येक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी येऊन उभा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी खेड्यांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले व त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केला. शंभरातील ६७ जणांत बी-बारा कमी होते आणि ५८ जणांत होमोसिस्टीन वाढलेले होते. सर्वांत वाईट अवस्था कोणाची असावी? झोपडपट्टीतल्या गरिबाची नव्हे, सुशिक्षित मध्यमवर्गाची. त्या वर्गात शंभरातील ८१ जणांत बी-बारा कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. ते मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध व दही यांतून मिळते, म्हणून शाकाहारी माणसाला त्याची उणीव पडण्याचा संभव पुष्कळ अधिक.

तथापि मांसाहारी म्हणवणाऱ्या घरांनीही फार फुशारकी मारू नये. आम्हा कॅथलिकांत शुक्रवार पाळणारी जुनी माणसे आहेत. शेजारच्या घरात सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि वर अख्खा श्रावण. पंचांग समोर ठेवून हिशेब मांडला तर मटणाचे पातेले रविवारीच चुलीवर चढते, आणि त्यातही घरच्या बाईच्या वाट्याला बहुधा रस्सा येतो. ती शाकाहारी नाही, एवढेच. पण तिच्या रक्ताला त्याचा फायदा किती होत असेल हा प्रश्न आहे. मधुमेहावर मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांतही बी-बारा कमी होते.

मग बी-बाराच्या गोळ्या खाल्ल्या की पक्षाघात टळला काय? येथेच धूर आणि आग यांचा वाद उभा राहतो. गोळ्यांनी होमोसिस्टीन निश्चित उतरते. परंतु ज्यांना आधीच एकदा झटका येऊन गेला आहे अशा हजारो रोग्यांना या जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन जे प्रयोग झाले, त्यांत २००४ व २०१० सालच्या मोठ्या प्रयोगांनी निराशा केली. २०१५ साली मात्र चीनमधील वीस हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रोग्यांवरील प्रयोगात, दाबाच्या औषधाबरोबर फॉलिक आम्ल दिल्याने पहिला पक्षाघात सुमारे एकपंचमांशाने कमी झाला असे दिसले. यावरून माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच म्हणता येईल की, जेथे मुळात उणीव आहे तेथे ती भरून काढण्यात लाभ असावा, आणि जेथे उणीव नाही तेथे गोळ्या चघळण्यात नसावा. बी-बाराची उणीव ही स्वतःच एक व्याधी आहे. तिने रक्त फिकटते, हातापायांना मुंग्या येतात, स्मरण मंदावते. ती आढळली तर पक्षाघाताचा विचार बाजूला ठेवूनही ती भरून काढलीच पाहिजे. औषध स्वस्त आहे. विलंबाला सबब नाही.

स्त्रियांविषयी स्वतंत्र बोलणे आवश्यक आहे, कारण त्यांचा पक्षाघात पुष्कळदा रोहिणीतला नसून नीलेतला असतो. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या नीलेत गुठळी होते, आणि हे विशेषेकरून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत घडते. मदुरेचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी गर्भारपणातील व बाळंतपणातील अशा १३५ रोगिणींचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशातील वैद्यांना हा रोग तेव्हापासून चांगला ठाऊक आहे, आपल्या माजघरांना मात्र अजून नाही. बाळंतिणीचे रक्त निसर्गतःच अधिक गोठणारे असते. प्रसूतीचा रक्तस्राव थांबावा म्हणून ती निसर्गाची योजना आहे. त्यात गर्भारपणात राहिलेली रक्तक्षयाची भर पडते. आणि त्यावर आपण काय करतो? पाण्याने पोट सुटते म्हणून तिला पाणी मोजून देतो, बंद खोलीत शेगडी पेटवतो, आणि घामाने तिचे अंग निथळू देतो. रक्त घट्ट होण्यास याहून सोयीची व्यवस्था कोणी मुद्दाम योजली असती तरी सुचली नसती. अशा बाळंतिणीचे डोके दिवसेंदिवस अधिक दुखू लागले, उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली किंवा आकडी आली, तर ते बाहेरचे नव्हे. मेंदूचे छायाचित्र काढून गुठळी ओळखली आणि हेपरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे वेळेवर मिळाली, तर यातील बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होऊन मूल मांडीवर घेतात. डी-डायमर नावाची रक्ताची एक तपासणी गुठळीची चाहूल देते खरी, परंतु बाळंतपणानंतर ती एरवीही वाढलेली असते. तेव्हा केवळ तिच्या भरवशावर निर्णय करता येत नाही.

दुसरी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या स्त्रीचा गर्भ वारंवार पडतो तिच्या रक्तात कधीकधी स्वतःच्याच शरीराविरुद्ध काम करणारी काही प्रतिद्रव्ये असतात, आणि तीच तरुण वयात गुठळ्या करतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली या रोगाचे वर्णन केले. गर्भपात आणि पक्षाघात या दोन दुर्दैवांचे मूळ एकच असू शकेल, हे त्यापूर्वी कोणाच्या ध्यानात येणे कठीण होते. आपल्याकडे मात्र अशा सुनेची कूस आणि नशीब यांवरच चर्चा संपते. रक्तापर्यंत ती पोचत नाही. ही तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. एकदा सापडली म्हणून शिक्का मारीत नाहीत. अर्धशिशीपूर्वी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसणाऱ्या स्त्रीने तंबाखू आणि इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या या दोहोंपासून दूर राहावे, हेही ओघाने सांगून टाकतो.

माझ्या व्यवसायाशी जवळचा विषय म्हणजे सांधेतापाने बिघडलेले हृदय. घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात, मूल बरे होते आणि सारे विसरतात. पण काहींच्या हृदयाची झडप आखडत जाते. पुढे विशी-तिशीत हृदयाच्या कप्प्यात गुठळी होऊन ती थेट मेंदूत जाते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. परीक्षा आली, जत्रा आली म्हणून ते चुकवू देऊ नये, आणि त्या दिवशी त्याला उशीर झाला तर शिक्षकाने छडी उगारू नये.

आणि काही वेळा रक्त अगदी निर्दोष असते. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेण्याची आपल्या पुरुषांना भारी हौस. त्या हिसक्याने मानेतील रोहिणीचे आतले अस्तर फाटून, तेथे गुठळी होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय मासिकांत नोंदलेली आहेत. रक्ताच्या शंभर तपासण्या केल्या तरी त्या रोहिणीची फाट त्यांत दिसायची नाही. डोक्याला तेल चोळून घ्यावे, मान मात्र आपलीच राहू द्यावी.

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे 'साठ तपासण्या एका दरात' अशा पाट्या बेळगावातच नव्हे, तालुक्याच्या गावीही लागल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा तपासण्या निरोगी तरुणाला निरुपयोगी असतात. प्रोटीन-सी, प्रोटीन-एस यांसारख्या चाचण्या गुठळी ताजी असताना, गर्भारपणात, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना केल्या तर फसवे आकडे देतात. हॉलंडमधील लायडेन गावाचे नाव मिळालेला पाचव्या घटकाचा दोष युरोपीय लोकांत बराच आढळतो, आपल्यात त्या मानाने विरळा. ज्याला पक्षाघात होऊन गेला व कारण सापडत नाही, त्याच्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर या तपासण्या निवडून सांगतात, आणि तेव्हा त्या मोलाच्या ठरतात. एरवी कुतूहलापायी पैसे घालवणाराने त्याच पैशात रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी आणावे. ते शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडेल.

झटका आलाच, तर मात्र रक्ताच्या या सगळ्या चिठ्ठ्या बाजूला ठेवाव्या लागतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी रक्ताची जी एकच तपासणी कोणत्याही रोग्याच्या बाबतीत टाळता येत नाही ती साखरेची. कारण साखर एकदम उतरली तरी माणूस पक्षाघात झाल्यासारखाच दिसतो. बोटातून एक थेंब काढला की ते काम होते. त्याखेरीज डोक्याचा सीटी स्कॅन हवा, कारण रोहिणी तुंबली की फुटली हे बाहेरून ओळखत नाही. म्हणूनच घरी घाईघाईने ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. पाणी, लिंबूसरबत वा काढाही पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असली तर तो घोट फुप्फुसात उतरतो.

तोंड एका बाजूला वाकडे झाले आहे काय, दोन्ही हात उचलले असता एक खाली पडतो काय, बोलणे जड झाले आहे काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिन्ही नकोत, एकाचे उत्तर 'होय' आले तरी निघावे. मोठी रोहिणी तुंबल्यावर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मिनिटाला मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रोहिणीतील गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय काही निवडक रोग्यांत त्यानंतरही, चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते. पण ती मोठ्या रुग्णालयांतच असते. हे साडेचार तास रुग्णालयाच्या दारापासून मोजावयाचे नसतात. रोगी शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजावयाचे असतात. ती वेळ घड्याळात पाहून कोणीतरी कागदावर लिहून घ्यावी. रात्री निजताना बरा होता आणि पहाटे असा सापडला, तर निजतानाची वेळ सांगावी.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव सुमारे पंचाहत्तर. संकेश्वर, चिकोडी, खानापूर येथील माणसांचे अंतर निराळे. कोणत्या राज्यात जावे, कोणते कार्ड कोठे चालते, याची चर्चा रोगी जीपमध्ये घातल्यावर सुरू होते आणि त्यात अर्धा तास जातो. ती आजच, जेवताना, उरकून घ्यावी. आपल्या घरापासून जवळ असे कोणते रुग्णालय आहे जेथे रात्रीअपरात्री सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन देणारे डॉक्टर हजर असतात, हे एकदा फोन करून विचारावे व त्याचा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा आकडा दोन्ही राज्यांत चालतो. मात्र आपण सीमेवर राहतो, तेव्हा फोनवर नुसते गावाचे नाव न सांगता तालुका, जिल्हा आणि राज्यही सांगावे, आणि महामार्गापासून आत वळावयाची खूण सांगण्यासाठी एखादा माणूस कंदील किंवा बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करावा.